सभापतींच्या गाडीची उडी

तलवाड्यात विठ्ठलरावांना नावानं हाक मारणारी माणसं आता दोनच उरली होती. एक त्यांची थोरली बहीण आणि दुसरा सटवा. बाकी सगळं गाव त्यांना सभापती म्हणायचं. पंचायत समितीचं सभापतिपद त्यांच्याकडं होतं ते अडीच वर्षं, आणि ते जाऊन आता सतरा वर्षं होऊन गेली होती. पण गावानं एकदा दिलेलं नाव परत घेतलं नाही, आणि विठ्ठलरावांनीही ते खाली ठेवलं नाही. अजून ते कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर पडत नसत, आणि कुणाच्या लग्नात दुसऱ्या रांगेत बसत नसत.

गेल्या गुढीपाडव्याला त्यांनी विजेवरची गाडी घेतली. कल्पना अंगदची, म्हणजे मुलाची. तो पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर होता. मोसंबीच्या बागेतल्या गोठ्यावर सोलर बसवलेलं होतंच. "आण्णा, ऊन आपल्याकडं ढीगभर हाय, त्याच्यावरच गाडी पळवा," असं तो दिवाळीपासून म्हणत होता. शेवटी एक दिवस विठ्ठलराव, त्यांची बायको सत्यशीलाबाई आणि अंगद असे तिघं बीडला शोरूममध्ये गेले.

तिथं धनश्री नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं तीन गाड्या दाखवल्या. पत्रा तोच, चाकं तीच, बॅटरीही तीच. किमती मात्र तीन.

"मग फरक कशाचा?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"पॅकेजचा, काका. मोटर तिन्हीत एकच आहे. पण खालच्या पॅकेजमध्ये कंपनी तिची सगळी ताकद उघडत नाही, सॉफ्टवेअरनं बांधून ठेवते. मधल्यात थोडी सोडते. वरच्यात सगळी."

"म्हंजे बैल तोच. येसण घट्ट का सैल, येवढंच?"

"अगदी बरोबर!" धनश्री हसली. "वरच्या पॅकेजला हे बूस्टचं बटण चालतं. बटण दाबून पाय दिला, की उभी गाडी सहा सेकंदांत शंभरावर."

अंगद हळूच म्हणाला, "आण्णा, आपल्याला खालचं बास हाय. गेवराई न् बीड, दुसरं कुठं जायचंय?"

विठ्ठलरावांच्याही मनात तेच होतं. पण तेवढ्यात धनश्री सहज बोलून गेली, "गेवराईच्या राजेश्वरअप्पांनी, ते जिनिंगवाले, परवाच मधलं नेलं."

झालं. विठ्ठलरावांनी सदऱ्याची बाही सरळ केली. "आमाला वरचं द्या."

"वरच्याचं पहिलं वर्ष गाडीसोबतच येतं, काका. पुढं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नाही केलं तर बूस्ट बंद होतं आणि गाडी खालच्या पॅकेजवर येते."

हे ऐकायला विठ्ठलराव तिथं नव्हते. ते रंग बघायला गेले होते.

गाडी गावात आली, सत्यशीलाबाईंनी ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग सटवा पुढच्या सीटवर चढून बसला. सटवा विठ्ठलरावांचा शाळेतला सोबती, आता किराणा दुकान मुलाच्या हवाली करून दिवसभर पारावर बसणारा. अंगदनं बटण कुठलं ते दाखवलं, आणि गेवराईच्या सरळ रस्त्याला लागल्यावर विठ्ठलरावांनी ते दाबून पाय दिला.

गाडीनं आवाज केला नाही. ती नुसती पुढं गेली. पाठ सीटला जाऊन चिकटली, पोटातलं सगळं मणक्याला लागलं आणि बाजूची बाभळीची झाडं एकमेकांत मिसळून गेली. सटवा लहान पोरासारखा ओरडला. विठ्ठलरावही हसले. पण हसताना त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती, आणि गाडी थांबवून खाली उतरल्यावर त्यांनी उगाच दाराला धरून, बागेकडं बघत, बराच वेळ काढला.

"ही गाडी न्हाई बे, ही उडी हाय, उडी!" सटवानं पारावर जाहीर केलं.

त्या दिवसापासून गाडीत बसणारा प्रत्येक जण एकच गोष्ट मागायला लागला. सोसायटीचे चेअरमन असोत, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असोत, दवाखान्यात सोडायला घेतलेला माणूस असो, दार लागलं की म्हणायचा, "सभापती, उडी दाखवा की." आणि सभापती दाखवायचे. प्रत्येक वेळी घसा कोरडा पडायचा, प्रत्येक वेळी ते हसायचे.

श्रावणातल्या एका सोमवारी ते साखरपुड्याला गेवराईला निघाले होते. शेजारी सटवा, मागं दोन पाहुणे. सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना कमरेएवढी कपाशी.

"पाव्हण्यांनी अजून उडी बघितली न्हाई," सटवा म्हणाला. "दाब की बे."

विठ्ठलरावांनी दाबलं. गाडी सुटली, आणि त्याच क्षणाला डाव्या बांधावरून गवताचा एक मोठा भारा रस्त्यावर उतरला. भाऱ्याखाली बाई होती. गवत तोंडावर आलेलं, त्यामुळं तिला दिसत नव्हतं. आणि गाडीला आवाज नव्हता, त्यामुळं तिला ऐकूही येत नव्हतं. विठ्ठलरावांनी दोन्ही पाय ब्रेकवर घातले. टायर किंचाळले, पाहुणे पुढच्या सीटवर आदळले.

गाडी थांबली तेव्हा त्या बाईत आणि गाडीत हातभर अंतर होतं. ती दचकून मागं पडली होती. गवत सगळीकडं पांगलं होतं, थोडं गाडीच्या टपावरही. विठ्ठलराव खाली उतरले. भिवराबाई. पंधरा वर्षं त्यांच्याच कपाशीत खुरपत आलेली.

"गाडी हाय का भूत?" ती बसल्या बसल्या म्हणाली. "आवाज न्हाई, काय न्हाई!"

पाहुण्यांनी तिला उठवलं, गवत गोळा करून दिलं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. गाडीत परत बसल्यावर मागचा पाहुणा म्हणाला, "वाचली म्हातारी. ब्रेक लई भारी हायत बरं का सभापती." आणि गेवराईपर्यंत ब्रेकचं कौतुक चाललं. तिथं उतरताच अंगदचा फोन आला, तो विठ्ठलरावांनी "बरा हाय" एवढं म्हणून ठेवला. पंगतीत त्यांनी पानातली बुंदी इकडून तिकडं केली आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालत भिवराबाईच्या घरी गेले. जन्मात त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळं ती कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं. दारात उभं राहून म्हणाले, "दवाखान्यात जायचं का?"

"नुस्तं खरचटलंय. हळद लावली." भिवराबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "माझं जाऊ द्या मालक. तुमी कावून येवढे भ्यालते? तोंड पांढरं फटक पडलतं तुमचं. मला वाटलं, ह्यांनाच काय व्हतंय का."

विठ्ठलराव मागच्या बोळानं घरी आले.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? बटण दाबायचं नाही, झालं. पण ज्याच्या गाडीला असं बटण आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत झालंय, त्यानं ते का दाबायचं नाही? विठ्ठलरावांनी कारणं देऊन पाहिली. बॅटरी कमी आहे, म्हणाले, तर सटवानं पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. रस्ता खराब आहे, म्हणाले, तर पुढं चांगला लागतो की, असं उत्तर मिळालं. भीती वाटते, हे एकच कारण खरं होतं, आणि ते सांगितलं असतं तर दिवस मावळायच्या आत गेवराईच्या मोंढ्यात पोचलं असतं. सभापती भ्याले. राजेश्वरअप्पांपर्यंतही गेलं असतं.

मग त्यांचा गुडघा दुखायला लागला. ते एसटीनं जायला लागले. "गाडी चालवायला गुडघा वाकत न्हाई," असं सांगायचे आणि एसटीच्या उंच पायऱ्या तरातरा चढायचे. तरी महिन्यातून चार वेळा गाडी काढावीच लागे, कारण कुणाचं लग्न, कुणाची माती, कुणाची कोर्टाची तारीख. आणि माती सोडली तर प्रत्येक वेळी उडी. आपण दाबतो तेव्हा पुढच्या बांधावरून काय उतरेल, हे एकच त्यांच्या डोळ्यांपुढं असायचं.

त्यात अंगदचा रोज संध्याकाळी फोन. "आज गाडी काढलती का आण्णा? कुठं गेलता? नीट पोचलात ना?" विठ्ठलराव चिडायचे. "मी काय लहान हाय का रे?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला. चष्मा लावून विठ्ठलरावांनी तो तीनदा वाचला. आपल्या पॅकेजची मुदत तीस तारखेला संपत आहे. नूतनीकरण न केल्यास बूस्टसह पुढील सुविधा बंद होतील.

बंद होतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षरं तीच होती. मग त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि याबद्दल कुणाशी, अगदी सत्यशीलाबाईंशीही, अवाक्षर काढलं नाही. फक्त रोज सकाळी कॅलेंडरपुढं जरा जास्त वेळ उभं राहायला लागले. गुडघ्याचं दुखणं त्या महिन्यात फारच वाढलं, गाडी गोठ्यातून हललीच नाही.

एकतीस तारखेला सटवा दारात हजर. सोबत त्याचे जावई आदिनाथ. ते परळीच्या औष्णिक केंद्रात नोकरीला होते आणि सासरी पहिल्यांदाच निवांत आले होते. "विजेच्या कारखान्यातला माणूस हाय," सटवा म्हणाला, "ह्याला विजेची उडी दाखवायची."

विठ्ठलरावांनी एका शब्दानंही आढेवेढे घेतले नाहीत. गाडी काढली. सरळ रस्ता आला. आरशात बघितलं, दोन्ही बांध बघितले, आणि बटण दाबून पाय दिला.

गाडी पुढं गेली. पण कशी? ताटात वाढलेलं घेऊन सून माजघरातून ओटीवर यावी तशी. वेग वाढत होता, पण पाठीला कळतही नव्हतं. पडद्यावर कुलपाचं एक छोटं चित्र आलं होतं. विठ्ठलरावांनी पाय आणखी दाबला. गाडी आपल्याच चालीनं चालली होती. त्यांच्या छातीत इतके महिने आवळून बसलेलं काहीतरी सुटलं, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी खिडकीची काच खाली केली, जणू काही धूळच गेली आहे.

"काय झालं बे?" सटवा म्हणाला. "दाब की!"

"दाबलंय."

आदिनाथनं पुढं वाकून पडदा वाचला. "पॅकेज संपलंय काका. कंपनीनं बूस्टला कुलूप लावलंय."

"कुलूप?" सटवा भडकला. "गाडी ह्याची, मोटर ह्याची, आन् मोटरची ताकद कंपनीची? ह्ये कसलं बे? उद्या बैलजोडी इकून म्हणतील, मागचे पाय भाड्यानं हायत!"

विठ्ठलरावांनी मोठा सुस्कारा टाकला. तो अगदी मनापासूनचा होता. फक्त सटवाला त्याचा अर्थ उलटा लागला. त्यानं मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच घरापर्यंत ठेवला.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. माणसं भेटायला यायला लागली. ओटीवर चहा झाला, परत झाला. चेअरमन म्हणाले, लई वाईट झालं. एक जण म्हणाला, कंपनीवर केस ठोका. दुसरा म्हणाला, माझा भाचा संभाजीनगरला मोबाईल दुरुस्त करतो, तो असली कुलपं उघडून देतो, उद्याच बोलावतो. हे ऐकून मात्र विठ्ठलराव ताडकन सरळ बसले. "न्हाई न्हाई! कायद्याचं काम हाय. आपण असं काय करायचं न्हाई." त्यांच्या सचोटीचं लोकांना कौतुक वाटलं. मान खाली घालून ते सगळ्यांचं सांत्वन घेत होते, आणि आतून त्यांना वर्षभरात लागली नव्हती तशी कडकडून भूक लागली होती. त्या रात्री त्यांनी भाकरी मागून घेतली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगदचा फोन आला.

"आण्णा, पॅकेजचा मेसेज मला पण आलाय. तुमी काळजी करू नका, मी आज संध्याकाळी भरून टाकतो. तुमच्या वाढदिवसाचं समजा."

"आरं... कशाला उगं," विठ्ठलराव म्हणाले.

"असू द्या की. मीटिंग हाय आता, नंतर बोलतो." फोन बंद.

विठ्ठलराव हातातल्या फोनकडं बघत राहिले. ते ओटीवर गेले, आत आले, परत ओटीवर गेले. मग जिना चढून गच्चीवर गेले. तिथं सत्यशीलाबाई जुन्या धोतरावर कुरडया घालत होत्या. साचा दाबत, गोल फिरवत, ओळीनं. त्यांनी मान वर केली नाही.

"ऐकलं का," विठ्ठलराव म्हणाले.

"बोला."

"धोतराचं टोक उडतंय." ते उकिडवे बसले, टोक धरलं. दुखरा गुडघा पुरता वाकला, हे दोघांच्याही लक्षात आलं. मग ते म्हणाले, "अंगद त्ये पॅकेज भरतोय. मला त्ये नगंय."

"मग नका भरू देऊ."

"मला भ्या वाटतं त्याचं." शब्द बाहेर पडला आणि विठ्ठलरावांना वाटलं, आता गच्ची खचेल. काही झालं नाही. साच्यातून चीक पडत होता. म्हणून त्यांनी पुढचंही सांगितलं. भिवराबाई, गवताचा भारा, हातभर अंतर, पांढरं पडलेलं तोंड, एसटी, गुडघा, सगळं.

सत्यशीलाबाईंनी ती कुरडई पुरी केली. मग हात पुसला. "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तुमचे सदरे मी धुते. थंड हवेच्या गाडीत बसून येता आन् पाठ घामानं निथळत असती. एश्टीतनं रेटारेटीत येता, तवा सदरा कोरडा. श्रावणापास्नं बघतेय."

"मग बोललीस कावून न्हाई?"

"तुमी म्हणाला असता, माझ्या सभापतिपदात लक्ष घालू नगंस." त्या हसत नव्हत्या, पण डोळे हसत होते. "आता पोराला सांगा. हेच, आता मला सांगितलं तसंच. मी नंबर लावून देते."

अंगदनं मीटिंगमधून बाहेर येऊन फोन घेतला. "काय झालं? बरे आहात ना?"

"बरा हाय. त्ये पॅकेज भरू नगंस. मला त्या उडीचं भ्या वाटतं."

पलीकडून अंगदनं सोडलेला श्वास ऐकू आला. लांबलचक.

"आण्णा, तुमी लई मोठं ओझं उतरवलं बघा. गाडी माझ्या फोनला जोडलेली हाय. तुमी बूस्ट दाबलं की मला इथं दिसतं. श्रावणात एका सोमवारी असा जोराचा ब्रेक दिसला, की मी मशीन सोडून बाहेर पळालो. तुमी फोन उचलला तवा कुठं माझे पाय जागेवर आले. रोज संध्याकाळी फोन कावून करतो मी?"

"आरं मग सांगायचं की! आन् वर परत पैसे भरायला निघालतास!"

"मला वाटलं, उडी गेली म्हणून तुमी खचला असाल. काल सटवाकाकांचा फोन आलता. म्हणाले, इठ्ठल लई खचलाय, ओटीवर मान खाली घालून बसलता."

विठ्ठलरावांना हसू आवरेना. ते हसता हसता धोतराच्या कडेला बसले, तसा हात ओल्या कुरडयांवर पडला, आणि सत्यशीलाबाई ओरडल्या. तिकडं अंगद विचारत राहिला, काय झालं, काय झालं, आणि इकडं कुणालाच बोलता येईना.

पुढच्या रविवारी सत्यशीलाबाईंना घेऊन ते पाटोद्याला निघाले. मेव्हणीकडं, कितीतरी दिवसांनी. दोघंच. गुडघा ठीक होता. बीड मागं पडलं, माळ सुरू झाला, ऊन रस्त्यावर थरथरत होतं. मागून एक मोटारसायकल आली. तिच्यावर तीन माणसं आणि मधल्याच्या मांडीवर शेळी. ती हॉर्न वाजवत बाजूनं पुढं निघून गेली. विठ्ठलरावांनी तिला वाट दिली.

"टरबुजं!" सत्यशीलाबाई म्हणाल्या. लिंबाच्या झाडाखाली हिरवा ढीग लागला होता. विठ्ठलरावांनी हात दाखवून गाडी सावकाश बाजूला घेतली. विकणाऱ्यानं एक टरबूज बोटानं वाजवून दिलं आणि तिथंच कापलं. आत लालभडक निघालं. दोघांनी झाडाच्या सावलीत उभ्या उभ्या अर्धं संपवलं. कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर पाणी ओघळलं, ते विठ्ठलरावांनी पुसलंही नाही.

"अजून एक घ्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "तिच्या पोरांना हुईल."

"दोन घेऊ," विठ्ठलराव म्हणाले, आणि वाकून ढिगातून स्वतः निवडायला लागले.